लेबल बंद केलंत, आता आमची गाणी परत द्या

प्रति,
गेल्या वीस वर्षांत पुण्या-मुंबईत छोटी, स्वतंत्र संगीत लेबलं, म्हणजे बँडची गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपन्या, काढलेल्या आणि पुढे ती बंद केलेल्या सर्व संचालकांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मी आमच्याच बँडचं एक गाणं इंटरनेटवर टाकलं. आमचा ड्रमर २०२१ च्या मे महिन्यात कोविडनं गेला. त्याच्या वाढदिवसाला त्याच्या आईला गावी बसून मोबाइलवर ते ऐकता यावं, एवढाच हेतू होता. घरात जपून ठेवलेल्या सीडीवरून गाणं उतरवून घेतलं आणि सोबत त्याचा एक फोटो लावला. तासाभरात सूचना आली की हे रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाच्या मालकीचं आहे. त्या मालकाचं नाव आम्ही आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की आमच्या लेबलनं आपली सगळी गाणी एका कंपनीला एकगठ्ठा विकली आहेत. आम्हाला एका ओळीनंही कळवलेलं नव्हतं. मी संचालकांना लिहिलं. दोन वाक्यांचं उत्तर आलं: लेबल बंद झालं आहे, आता आमच्या हातात काही नाही.

त्या लेबलचं नाव मी इथे लिहीत नाही. गेले तीन आठवडे मी इतर बँडमधल्या मुलामुलींशी बोलते आहे. अशीच दोन वाक्यं बऱ्याच जणांना आली आहेत, आणि ती वेगवेगळ्या लोकांकडून आली आहेत. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

"लेबल बंद झालं" या वाक्यावरच मला बोलायचं आहे. लेबल बंद पडतं तेव्हा नेमकं काय बंद पडतं, हे मला एका फार मोठ्या आणि फार वाईट रीतीनं बुडालेल्या लेबलमुळे कळलं. त्याची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. आमच्या पहिल्या भेटीत तुमच्यातल्याच एकानं माझ्यासमोर त्याचं नाव घेतलं होतं: इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं फॅक्टरी रेकॉर्ड्स.

मी इचलकरंजीची. आमच्या गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात आणि आम्हाला शाळेत त्याचा अभिमान शिकवला गेला. खरं मँचेस्टर माझ्यापर्यंत आलं ते २००४ साली, पुण्यात होस्टेलवर. आमच्या ड्रमरनं मला फॅक्टरीच्या जॉय डिव्हिजन या बँडचा पहिला अल्बम ऐकवला, 'अननोन प्लेझर्स', १९७९ चा. तोही इचलकरंजीचाच, घरी चार यंत्रमाग. हेडफोन माझ्या कानाला लावून तो म्हणाला, "ऐक, माग चालल्यासारखं वाजतंय." त्याचं खरं होतं. निर्माता मार्टिन हॅनेट यानं स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ड्रमरला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावला, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये. म्हणून ते ठोके यंत्रासारखे सुटे सुटे पडतात आणि मध्ये रिकामी, थंड जागा राहते. मागाच्या खडखडाटात झोपायची सवय असलेल्या दोन पोरांना ते घरचं वाटलं. आमचा बँड त्या रात्री सुरू झाला, असं मी मानते.

आता ते लेबल. टोनी विल्सन हा ग्रॅनाडा टेलिव्हिजनवरचा निवेदक आणि अॅलन इरॅस्मस हा त्याचा नट मित्र. १९७८ साली दोघांनी ह्यूम भागातल्या एका क्लबात नव्या बँडचे कार्यक्रम सुरू केले आणि त्यांना 'फॅक्टरी' नाव दिलं. कारखान्यांना कुलपं लागत होती अशा शहरात. पीटर सॅव्हिल या ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्यानं पोस्टर केलं, ते वेळेत पोचलंच नाही. तरीही फॅक्टरीच्या यादीत त्या पोस्टरला क्रमांक मिळाला, फॅक १. पहिलं रेकॉर्ड झालं फॅक २. त्यासाठी विल्सनच्या आईनं मागे ठेवलेले पैसे वापरले गेले. ऑफिस म्हणजे पॅलेटाईन रोडवर ८६ नंबरच्या घरातला इरॅस्मसचा फ्लॅट. पुढे हॅनेट, सॅव्हिल आणि जॉय डिव्हिजनचा मॅनेजर रॉब ग्रेटन हेही भागीदार झाले. ड्युरुटी कॉलम या बँडच्या पहिल्या अल्बमला त्यांनी सँडपेपरचं कव्हर घातलं, शेजारच्या रेकॉर्डला ते घासावं म्हणून, आणि ते कागद चिकटवायला जॉय डिव्हिजनचीच पोरं बसली होती.

तुमची सुरुवातही अशीच होती, हे मी विसरलेली नाही. आमच्या लेबलचं ऑफिसही एका फ्लॅटमध्ये होतं. २०१० साली आमच्या पाचशे सीडींची कव्हरं आम्ही आणि तुम्ही मिळून त्या फ्लॅटच्या फरशीवर बसून दुमडली. रात्री दोन वाजता तुमच्या आईनं आम्हाला पिठलं-भात करून वाढला. मराठीत असं संगीत करणाऱ्यांना दारात उभं करायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तुम्ही घरात घेतलंत. हे सगळं मला मान्य आहे, आणि म्हणूनच नंतरचं जास्त लागलं.

फॅक्टरीचं पुढे काय झालं? १८ मे १९८० रोजी जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस यानं आत्महत्या केली. तो २३ वर्षांचा होता. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर नावानं वाजवणं सुरू केलं, आणि १९८३ मध्ये त्यांच्या 'ब्लू मंडे'नं लेबलला न भूतो असं यश दिलं. बारा इंची सिंगल (एकाच मुख्य गाण्याची मोठी तबकडी) म्हणून त्याहून जास्त खपलेलं दुसरं रेकॉर्ड नाही. फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं त्याचं कव्हर एवढं महाग होतं की सुरुवातीला प्रत्येक प्रतीमागे पैसे सुटण्याऐवजी जात होते, असं फॅक्टरीची माणसंच सांगत.

जे पैसे आले, ते हासिएंडात गेले. २१ मे १९८२ रोजी उघडलेला हा क्लब, बेन केलीनं सजवलेला, खांबांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्या. सुरुवातीची काही वर्षं तो अनेकदा रिकामाच असे. १९८८ च्या सुमारास हाऊस या नाचाच्या संगीतानं तो ओसंडून वाहू लागला, पण नशेच्या गोळ्या घेऊन रात्रभर नाचणारी पोरं पाणी प्यायची. बारचा गल्ला भरेना. त्यात टोळ्या आल्या, बंदुका आल्या. न्यू ऑर्डरच्या कमाईनं तो क्लब वर्षानुवर्षं पोसला. हॅनेट पहिल्यापासून सांगत होता की क्लबात घालवताय तो पैसा स्टुडिओवर खर्च करा. ऐकलं नाही, तेव्हा त्यानं कंपनीवर दावा लावला. त्याचं बरोबर होतं, असं मला वाटतं.

१९९० मध्ये चार्ल्स स्ट्रीटवर नवं मुख्यालय झालं. मीटिंगच्या खोलीत छताला टांगलेलं टेबल. इमारत घेतली महागाईत आणि मागोमाग मंदी आली. हॅपी मंडेज या बँडला अल्बम करायला बार्बाडोसला पाठवलं, तिथे खर्च हाताबाहेर गेला. न्यू ऑर्डरचा नवा अल्बमही लांबत आणि महाग होत गेला. नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅक्टरीचं दिवाळं निघालं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला पुढची सांगायची आहे.

लंडन रेकॉर्ड्स ही मोठी कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला आली होती. कागद बघायला गेले, तर विकण्यासारखं फारसं काही निघेना. फॅक्टरीचे कलाकारांशी करारच नव्हते. होतं ते एक पान. त्याचा आशय असा की सारं काही संगीतकारांचं, कंपनीचं काहीही नाही, आणि ज्याला सोडून जायचं असेल त्यानं खुशाल जावं. विल्सननं ते स्वतःच्या रक्तानं लिहिलं होतं, असं तो सांगत असे. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, हा त्यांचा व्यवहार होता. ते पान कुणी पुढे केलं की लोक हसतात: बघा, यांना धंदा कळत नव्हता. तुमच्याच फ्लॅटवर आपणही त्यावर हसलो होतो.

आज मला त्यावर हसू येत नाही. त्या एका पानामुळे न्यू ऑर्डर लंडन रेकॉर्ड्सकडे गेले ते आपली गाणी स्वतःच्या हातात घेऊन. १९९३ मध्ये त्यांचा नवा अल्बम तिकडून निघाला, आणि जुने अल्बमही जिवंत राहिले. म्हणून तर २००४ मध्ये, ते लेबल बुडून बारा वर्षं झालेली असताना, पुण्यातल्या एका होस्टेलवर आम्ही ते ऐकू शकलो. लहान बँडचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. पण त्यांचीही रेकॉर्डं जेम्स नाइस या माणसानं आपल्या छोट्या लेबलवरून एकेक करून पुन्हा काढली. लेबल बुडालं, क्लब १९९७ ला बंद झाला, २००२ मध्ये पाडला आणि तिथे त्याच नावाची घरं उभी राहिली. गाणी मात्र राहिली.

फॅक्टरी संत नव्हती. न्यू ऑर्डरचे पैसे क्लबात जिरले, हिशेब कधी धड झाले नाहीत. तेव्हा तुम्ही फॅक्टरीसारखं यशस्वी व्हायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. तिनं जेवढं एक केलं, तेवढंही आपल्याकडे का झालं नाही, हा माझा प्रश्न आहे. आमच्या तक्रारी अशा आहेत.

आमच्या अल्बमच्या स्टुडिओचे साठ हजार रुपये आम्ही भरले. ड्रमरच्या वडिलांनी त्यातले वीस हजार दिले, मागाचं कर्ज फेडायचं थांबवून. तुमच्याशी केलेल्या दीड पानी करारात हक्क किती वर्षांसाठी दिले, ते लिहिलेलंच नाही. तेव्हा आम्हाला हे कळत नव्हतं. आता मी कायदा वाचला आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं. २०१० ला सही केली, पाच वर्षं २०१५ ला संपली. मग गेल्या वर्षी तुम्ही जे विकलंत, ते कुणाचं होतं?

गाणी गायब होणं ही दुसरी गोष्ट. २०१९ मध्ये आमचा अल्बम ऐकण्याच्या सगळ्या साइटवरून एका आठवड्यात उतरला. नंतर कळलं, डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे गाणी त्या साइटवर पोचवणाऱ्या कंपनीची, वार्षिक फी भरली गेली नव्हती. फी भरणं जमत नसेल तर एक फोन करायचा होता. आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून भरली असती. दुसऱ्या एका बँडनं तर आपला अल्बम आपल्याच एका श्रोत्याकडून परत मिळवला, त्यानं सीडी विकत घेऊन जपून ठेवली होती म्हणून.

हिशेब. नऊ वर्षांत आम्हाला एकदाही हिशेब मिळाला नाही. रक्कम मोठी नव्हती, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण शून्य असेल तर शून्य लिहून पाठवायचं. शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला समान वाटा २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात आला. तो करारानं काढून घेता येत नाही. आमच्या गाण्यांचे शब्द माझे आहेत. विक्रीच्या व्यवहारात या वाट्याचं काय ठरलं, हे मला सांगायला कुणी तयार नाही.

आणि नावं. ही तक्रार काहींना क्षुल्लक वाटेल, मला सगळ्यात मोठी वाटते. नव्या मालकाच्या यादीत आमच्या अल्बमसमोर बँडचं नाव चुकीचं लिहिलं आहे आणि वाजवणाऱ्यांची जागा कोरी आहे. फॅक्टरीनं आपल्या यादीत काय काय लिहिलं होतं बघा. उशिरा आलेलं पोस्टर फॅक १. क्लब फॅक ५१. क्लबातलं मांजर फॅक १९१. हॅनेटनं लावलेला दावा, ज्यानं कंपनीच अडचणीत आली असती, त्यालाही त्यांनी यादीत जागा दिली: फॅक ६१. १० ऑगस्ट २००७ रोजी विल्सन गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीला क्रमांक मिळाला फॅक ५०१. भांडण नोंदलं, मांजर नोंदलं, माणसाचा शेवट नोंदला. आमच्या यादीत ज्यानं अकराच्या अकरा गाण्यांवर ड्रम वाजवले, त्याचं नाव नाही. वाजवणाऱ्याचं नाव दिलं जाणं हा त्याचा नैतिक हक्क आहे, हेही याच कायद्याच्या कलम ३८ ब मध्ये आहे. हक्क विकले गेले तरी तो संपत नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती फक्त आमची आहे. २०१३ मध्ये आम्ही दुसऱ्या अल्बमसाठी चार गाणी रेकॉर्ड केली. ती कधी बाहेर आली नाहीत. त्यांचे मल्टीट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगवेगळं रेकॉर्डिंग, तुमच्याकडच्या एका काळ्या हार्डडिस्कवर आहेत. त्यांची दुसरी प्रत नाही, ही आमची चूक, तेव्हा आम्ही तुमच्यावर विसंबलो. त्यातल्या एका गाण्यासाठी आमच्या ड्रमरनं गावी जाऊन घरच्या मागाचा आवाज रेकॉर्ड करून आणला होता आणि हॅनेटसारखा एकेक ड्रम वेगळा वाजवून त्या आवाजाशी जुळवला होता. तीन दिवस लागले. मी त्या खोलीत होते. घरचे माग २०१६ साली भंगारात गेले, तो २०२१ साली गेला. ती चार गाणी त्या डिस्कवर आहेत, बाकी कुठेही नाहीत. ती डिस्क विक्रीत गेली, की कपाटात आहे, की फेकली गेली, या साध्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतली एकही पैशांची नाही.

ज्या ज्या बँडचे मास्टर (गाण्यांची मूळ, अंतिम रेकॉर्डिंगं) आणि मल्टीट्रॅक तुमच्याकडे आहेत, त्यांना त्यांची प्रत येत्या दोन महिन्यांत द्या. प्रत करायचा खर्च आम्ही देऊ.

हक्क विकले असतील तर कुणाला, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कराराच्या आधारे, हे प्रत्येक बँडला लेखी कळवा. मुदत संपल्यावर विकले असतील, तर ते विकण्याचा तुम्हाला अधिकार नव्हता असं नव्या मालकाला पत्र द्या, म्हणजे आमच्याच गाण्यांवर लागणारे त्यांचे दावे निघतील. विकले नसतील तर कृपया विकू नका, आधी ज्यांची गाणी आहेत त्यांना विचारा.

शेवटचा हिशेब पाठवा. शून्याचा असला तरी.

प्रत्येक अल्बमवर कोणी काय वाजवलं याची यादी पाठवा. तुमच्याकडे नसेल तर आम्हाला विचारा, आम्हाला पाठ आहे.

आणि तुमच्यापैकी जे पुन्हा नवं लेबल काढत आहेत (दोघांनी तसं जाहीर केलेलं मी वाचलं, आणि मला मनापासून आनंद झाला), त्यांनी आपल्या करारात एक कलम घालावं: लेबल बंद पडलं, किंवा गाणी सलग वर्षभर कुठेही ऐकायला मिळेनाशी झाली, तर सर्व हक्क आणि सर्व मास्टर आपोआप कलाकारांकडे परत जातील. दोन ओळी पुरतील. नव्या मुलामुलींना माझी विनंती आहे, हे कलम नसेल तर सही करू नका, समोरचा माणूस कितीही आपला वाटला तरी. आम्हालाही तो आपलाच वाटला होता.

हे पत्र वाचून तुमच्यातल्या कुणाला वाटेल की आम्ही कोर्टाची भाषा बोलतोय. तसं नाही. कायदा मी यासाठी लिहिला की "आता आमच्या हातात काही नाही" हे खरं नाही, हे तुम्हाला कळावं. तुमच्या हातात आजही पुष्कळ आहे.

आमच्या लेबलच्या संचालकांना मात्र एक वेगळी विनंती. ती काळी डिस्क सापडली तर कुरिअरनं पाठवू नका. तिच्यावर आमच्या ड्रमरच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती, चारही गाण्यांची नावं असलेली, ती निघेल. मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. तुमच्या आईंनाही भेटायचं आहे.

आपली,
एका बंद न पडलेल्या बँडची गायिका
पुणे